मढवीसरांचे पाहुणे

मढवीसर कुणाची गळाभेट घेत नसत. ईदला यंत्रमागवाले मित्र हात पसरून पुढे आले की सर दोन पावलं मागे सरत आणि म्हणत, "माफ करा. पाहुणे आहेत अंगावर."

पाहुणे म्हणजे गटारातले जंतू. सर भिवंडीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत; मी तिथला ग्रंथपाल. दवाखान्यामागच्या गटारात औषधांनाही न जुमानणारे जंतू वाढताहेत, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. काचेच्या नळीत ते पाणी आणि औषध घालून अंगाइतक्या उबेत ठेवायचं. नळी गढूळ झाली, की जंतू जगले. कॉलेजात त्यासाठी ऊब देणारी पेटी होती, पण वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून सरांनी शिंप्याकडून कप्प्यांचा पट्टा शिवून घेतला आणि नळ्या पोटाशी बांधल्या. तेव्हापासून ते वाकत नसत, धावत नसत, हसतसुद्धा बेतानं. गटारात बाटली दोरीनं सोडत.

"मास्टरजी, मछली मिली क्या?" धामणकर नाक्यावर कुणीतरी ओरडे.

"मिली, भाई. खाओगे?"

वळ गावाहून येणाऱ्या दूधवालीनं एकदा विचारलं, "मास्तर, पोटाला काय बांधलाय? हार्निया हाय?"

"न्हाय मावशी. गटार हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती लांबूनच दूध ओतू लागली.

माझी आई मात्र त्यांना सोडत नसे. "अरे, बाटल्या कसल्या बांधतोस? लग्न कर."

"काकू, या सासरी कोण नांदेल?" असं म्हणून ते दारातच उभ्यानं चहा घेत. आत येत नसत. एखादी नळी फुटली आणि काकूंना बाधली तर?

त्या वर्षी त्यांचं काम अगदी शेवटाला आलं होतं. महिनोन्महिने औषध थोडंथोडं वाढवत त्यांनी तेच जंतू जगवले होते. मध्येच ऊब तुटली, तर निकाल धरता येणार नव्हता, सगळं पहिल्यापासून.

त्याच दिवसांत एका सकाळी आई गेली. घरात ती आणि मी, दोघंच असायचो.

सर आले. सदरा अंगावर ढगळ लोंबत होता.

"सर, पाहुणे?"

"खोलीवर. टेबलावर."

"थंड पडतील."

"पडू देत. त्यांना घेऊन खांदा देता येत नाही."

आणि ते वाकले. तिरडीची पुढची बाजू त्यांनी उचलली.

संध्याकाळी शेजारणीनं पिठलं-भात पाठवला. बाकीची माणसं पांगली, सर मात्र घरी गेले नाहीत. गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले. माझं ताट तसंच होतं, तेव्हा त्यांनी माझा भात कालवून पुढे सरकवला आणि स्वतः सावकाश जेवू लागले.

"उद्यापासून पुन्हा पट्टा?" मी विचारलं.

त्यांनी ताट बोटानं पुसून घेतलं.

"फार दिवसांनी कुणाशेजारी बसून जेवलो," ते म्हणाले. "उद्याही येऊ, जेवायला?"