शेवंतीला नीळ

लाँड्रीच्या दारात पांढऱ्या शेवंतीची कुंडी ठेवायची, एवढंच मी ठरवलं होतं. लोकांनी फुलं बघावीत आणि मनात म्हणावं, जिचं दार एवढं पांढरं, तिचा धुण्याचा हात कसा असेल. (मी चौथी शिकलेय, पण धंदा कळतो.)

रोपवाला म्हणाला, "चिवट जात आहे बाई. ऊन भरपूर द्या, लाड करू नका. दर वर्षी आपणहून फुलेल."

फुलली. पाकळ्या पांढऱ्या, पण मधोमध पिवळं. अर्धं आयुष्य मी कॉलरींचा पिवळेपणा काढलाय. पिवळं दिसलं की माझे हात शिवशिवतात.

"अहो, फुलाला नीळ लागत असेल का?" नवऱ्याला विचारलं.

इस्त्री न थांबवता तो म्हणाला, "फुलाला कशाला?"

"बघायला काय जातंय?"

"रोप जाईल."

"चिवट आहे ते. तुमच्यासारखं."

इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीत नीळ कालवली आणि मारली फुलांवर. ऊन कडक. थेंब वाळले तिथं निळे ठिपके. पुसायला गेले तर पसरले. म्हटलं, दुसरा हात दिला की सारखं होईल. तर शेवंती शाळकरी पोराच्या शाई गळलेल्या खिशासारखी दिसायला लागली.

नेमके तेव्हाच दातांचे डॉक्टर आले, पांढऱ्या कोटांचं गाठोडं घेऊन. त्यांच्या दवाखान्यावर आमची अर्धी लाँड्री चालायची. दाढ तपासावी तसे ते कुंडीवर वाकले.

"हे काय झालंय?"

"नीळ जरा जास्त पडली," माझ्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी गाठोडं काखेत घट्ट धरलं. "येतो नंतर," म्हणाले, आणि आलेच नाहीत.

रोपाला काही झालं नाही. गेलं ते गिऱ्हाईक. नवरा रिकाम्या टेबलावर नुसती इस्त्री फिरवत राहिला. त्या रागात मी शेवंती बुंध्यापर्यंत छाटली आणि तिच्याकडे बघणंच सोडलं.

तेच तिला मानवलं. पुढच्या बहरात अशी फुलली की उन्हात डोळे दिपावेत. मधलं पिवळं तसंच होतं. मी हात पाठीमागे बांधून उभी.

एक दिवस डॉक्टर काखेत गाठोडं घेऊन दारात थांबले. अंगात दुसरीकडे धुतलेला कळकट कोट. वाकून पाकळ्या निरखल्या. "काय शुभ्र आहे हो," म्हणाले. मी पदर सावरून गाठोडं घ्यायला पुढे झाले.

तर इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. ही तुम्ही कुणाकडे धुवायला टाकता?"