घोड्यांना शेरे देणाऱ्या साळवे बाई

आमच्या समोरच्या साळवे बाई घोड्यांना शेरे देतात. तोंडी नाही, लेखी. रविवारी सकाळी रेसकार्ड पुढ्यात घ्यायचं, लाल पेनाचं टोपण काढायचं आणि समासात एकेका घोड्याची लायकी लिहायची. 'सुरुवात बरी, शेवटी दम नाही.' 'हुशार, पण संगत वाईट.' सायलेंट थंडर नावाच्या एका घोड्यापुढे मी स्वतः वाचलं आहे, 'कामात सायलेंट, थंडर फक्त नावात.' खाली बारीक अक्षरात सही.

बाईंनी जोगेश्वरीच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. रिटायर होऊन दिंडोशीला आमच्या मजल्यावर राहायला आल्या. लग्न केलं नाही. अंगाने काटकुळ्या, साडी कायम कडक इस्त्रीची, आणि चष्मा असा नाकाच्या टोकावर की समोरच्याला वाटावं, आपण गृहपाठ विसरलो आहोत. सोसायटीच्या फळ्यावर 'पाणी उद्या येनार नाही' अशी नोटीस लागली की तासाभरात त्यातल्या 'न'भोवती लाल गोल पडलेला असतो. आमचे सेक्रेटरी चाळके आता नोटीस लावायच्या आधी बाईंना दाखवून आणतात.

अशी बाई आणि घोडे! मला पत्ता लागला तो योगायोगाने. बाईंचा कुकर आमच्याकडे आला होता, तो परत द्यायला मी रविवारी गेलो. दार उघडं. टेबलावर वर्तमानपत्राच्या घडीतून एक पुस्तिका डोकावत होती आणि तिच्यावर चक्क पळता घोडा. स्टेशनजवळचा पेपरवाला ती बाईंना वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, हे नंतर कळलं. मी घोड्याकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे.

"बघतोस काय? बस," त्या म्हणाल्या. "वाचता येतं का हे?"

"नाही बाई. मी कधी रेस खेळलो नाही."

"खेळायचं कोण म्हणतंय? वाचायचं म्हणतेय मी."

आणि कुकर मांडीवर घेऊन मी रेसकार्ड शिकलो.

"आधी प्रश्न वाचायचा," बाईंनी सुरू केलं. "अंतर किती, ते वर लिहिलंय. बाराशे मीटर. मुलं काय करतात, उत्तराकडे धावतात. घोड्याचं नाव आवडलं, लावा पैसे! अरे, बाराशेला सुसाट जाणारा घोडा चोवीसशेला वाटेतच बसकण मारतो. प्रश्न काय आहे ते आधी बघ."

मग घोड्याच्या नावाशेजारचे आकडे. मागच्या पाच शर्यतींत तो कितवा आला ते. "हे प्रगतिपुस्तक. शेवटच्या चाचणीत पहिला आला म्हणून हुरळायचं नाही. त्या वर्गात मुलं कोण होती ते बघायचं. ढ मुलांत पहिला येणं वेगळं."

मग वजन. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात, म्हणजे कमजोर घोड्यांनाही संधी मिळते. हे सांगताना बाई अगदी खुलल्या. "म्हणजे हुशार पोराच्या दप्तरात चार पुस्तकं जास्त घालायची. आमच्या शाळेत कुणाला सुचलं नाही हे! पण घोड्यांच्या बाबतीत माणसं किती न्यायाने वागतात बघ."

काही घोड्यांच्या डोळ्यांना बाजूने झापडं लावतात, त्याची कार्डात खूण असते. ते का?

"शेजारच्याच्या वहीत बघतात म्हणून," बाई म्हणाल्या.

जॉकी कोण, ट्रेनर कोण, सुटताना आतल्या बाजूला उभं राहायला मिळालंय की बाहेरच्या, हे सगळं होईपर्यंत आमच्या हिचे दोन फोन येऊन गेले. मी उठू लागलो की बाई म्हणायच्या, "बस रे सावंत. घाई घोड्याला असते, आपल्याला नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरी आलो तेव्हा पहिल्या शर्यतीचा धडा अर्धाच झाला होता आणि जेवण गार. सगळं ऐकल्यावर आमची आई, जी कणकवली सोडून तीस वर्षं झाली तरी मनाने तिथेच असते, ती एवढंच म्हणाली, "काय रे, ही मास्तरीण घोडे खेळता काय?"

खेळत नव्हत्या. मी विचारलं होतं. "छे! जुगार वाईट असतो," असं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या होत्या, की जणू पुढ्यातली ती पुस्तिका भाज्यांच्या पाककृतींची असावी.

पण बिल्डिंगमध्ये अशी बातमी दाबून राहत नाही. चाळक्यांना कळलं, आणि पुढच्याच रविवारी ते अंघोळ करून, टिळा लावून बाईंच्या दारात हजर. "बाई, एकच टिप द्या. फक्त एक. पाच नंबर लावू का?"

"कुठल्या शर्यतीत?"

"पहिल्या."

"अंतर किती?"

बाईंनी खुर्ची दाखवली. त्यांना पहिल्या शर्यतीतले सगळे घोडे शिकवून झाले तेव्हा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ती शर्यत पळून संपली होती. चाळके धुसफुसत घरी गेले. संध्याकाळी पेढे घेऊन परत आले. त्यांचा पाच नंबरचा घोडा सगळ्यांच्या मागून, फिरायला आल्यासारखा आला होता. "वाचलो बाई! वाट लागली असती," ते म्हणाले. बाईंनी पेढा घेतला आणि तोच पुढे करून म्हणाल्या, "दुसरी शर्यत समजावू का?" चाळके जे गेले ते परत फिरकले नाहीत.

पैसे लावायचे नाहीत, रेसकोर्सवर जायचं नाही, टीव्हीवर बघायचं नाही, निकालसुद्धा दुसऱ्या दिवशी सवडीने वाचायचा. मग हा उद्योग कशासाठी? आमची ही म्हणाली, "रिटायर माणसाला काहीतरी लागतं ना." मीही तेच धरून चाललो होतो.

मग बुद्धपौर्णिमेला बाईंचा भाऊ आला. मिलिंद. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. मुलुंडला राहतो. बाईंनी खीर केली होती, आम्हालाही बोलावलं. तासाभरात तो निघाला. मला साकीनाक्याला आमच्या कंपनीच्या युनिटवर कामाला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघे बरोबरच खाली उतरलो. बसस्टॉपवर मी सहज म्हणालो, "तुमच्या ताईंनी मला रेसकार्ड शिकवलं."

तो थांबला. "अजून आणते ती?"

"दर रविवारी. सीझन असला की."

त्याने एक बस सोडली. मग दुसरीही सोडली.

"रेस माझी होती, ताईची नाही," तो म्हणाला. "वाईट नाद होता यार. एवढा की करुणा, म्हणजे माझी बायको, पोरीला घेऊन माहेरी गेली होती. आईने शपथा घातल्या, सासऱ्यांनी समजावलं, माझं आपलं चालूच. ताई तेव्हा नोकरीत होती, दिंडोशीला आली नव्हती. ती मात्र एक शब्द बोलली नाही. एकदा म्हणाली, जायचं तर जा, पण अभ्यास न करता परीक्षेला बसायचं नाही. रविवारी सकाळी माझ्याकडे ये, आपण दोघं कार्ड वाचू, मग जा. मला वाटलं, झकास! ताईचं डोकं गणिताचं, आता आपण जिंकणार."

"मग?"

"मग काय! ती आधी पोहे करणार. मग चहा. मग पहिल्या रेसचं अंतर. प्रत्येक घोड्याचे आईबाप कोण, ते कुठे पळले. मी घड्याळ बघितलं की म्हणायची, घाई घोड्याला असते. सुरुवातीला दुसऱ्या-तिसऱ्या रेसपर्यंत पोचायचो कसाबसा. मग पाचवीपर्यंत. मग कधी कधी तिच्याकडेच संध्याकाळ व्हायची."

"तुम्हाला कळत नव्हतं?"

"न कळायला काय झालं? कार्ड मी तिच्या आधी दहा वर्षं वाचत होतो." तो हसला. "पण उठवत नव्हतं हो. लहानपणी माझे पाढे घ्यायला बसायची, तशीच बसायची समोर. रागावायची, हसायची. असं दीडेक वर्ष चाललं. मग एका रविवारी लक्षात आलं, की आज मला जायचंच नाहीये. ते तिला सांगितलं. तेव्हापासून बंद."

"मग आता रविवारी येत नाही इकडे?"

त्याला हा प्रश्न नवीन असावा. "आता रविवारी घरी असतो. करुणाला बरं वाटतं. रेस सुटली, आता ताईकडे यायला निमित्त काय?" तो म्हणाला. "बुद्धपौर्णिमेला येतोच की."

तिसरी बस त्याने पकडली.

हे मी बाईंना सांगितलं नाही. सांगून काय करायचं? पुढे सीझन सुरू झाला, पेपरवाल्याकडून पुस्तिका यायला लागली. एका रविवारी बाईंनी मला हाक मारली. कार्ड मिटलेलं होतं, पेन बंद. हातात फोन.

"सावंत, एक विचारू? मिलिंदला फोन केला तर काय होईल?"

"करा की. भाऊ आहे तुमचा."

"काय सांगू फोनवर? आज तिसऱ्या शर्यतीत फार सुंदर घोडी आहे, असं सांगू? त्याच्या नादाचं त्याने तुला सांगितलं असेलच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दारू सोडलेल्या माणसाला नुसता चकणा खायला ये म्हणण्यासारखं आहे ते. माझ्या एका फोनने पुन्हा सुरू झालं तर? करुणाला काय तोंड दाखवू?"

"मग रेसचं नका बोलू. नुसतं ये म्हणा."

"नुसतं ये म्हटलं तर तो येतो, खुर्चीच्या टोकावर बसतो, तब्येत विचारतो आणि जातो. आम्हाला दोघांना दुसरं काही बोलताच येत नाही रे." एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला आणि त्या घोडीला शेरा न देताच कार्ड घडीत सरकवलं.

मी घरी येऊन हे हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही पुरुष ना, नको तिथे फोन लावता. मिलिंदला कशाला? त्याच्या बायकोला लावायचा." नंबर हिच्याकडे होता, खिरीच्या दिवशी घेतलेला. फोन हिनेच लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं जसंच्या तसं सांगून मोकळी झाली. चकण्यासकट.

मला वाटलं, आता शिव्या. मग करुणा म्हणाली, "ताईंमुळे माझं घर राहिलं. त्यांना असं एकटं वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि लगेच सूर बदलून, "पण मी बरोबर येणार. ह्यांना एकट्याला नाही पाठवायची."

पुढच्या रविवारी दोघे आले. करुणाच्या हातात सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा. दारातच तिने नवऱ्याचा मोबाइल काढून घेतला, पर्समध्ये टाकला, पर्स मांडीवर घेतली आणि दाराजवळच्या खुर्चीत ठाण मांडून बसली. आम्हालाही बोलावणं होतं. ही गेली नाही, मी गेलो.

बाई बावरल्या होत्या. पोहे खाली थोडे लागले, तसं कधी होत नाही. त्यांनी कार्ड काढलं, करुणाकडे बघितलं, परत ठेवलं. शेवटी मिलिंदच म्हणाला, "ताई, अंतर किती पहिलीचं?"

"चौदाशे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला.

दुपार तशीच गेली. मिलिंद मुद्दाम चुकीचा घोडा सांगायचा, बाई त्याला झापायच्या, तो वाद घालायचा. "अगं ताई, ह्याच्यावर वजन बघ ना!" "वजन बघतोस, वर्ग कोण बघणार? ढ कुठला!" पन्नाशीचा माणूस, पण 'ढ' म्हटल्यावर असा खूश झाला की जणू बक्षीस मिळालं. चौथ्या शर्यतीला करुणाने दाराजवळची खुर्ची पुढे ओढली. "ह्याच्या नावापुढे ही खूण कसली?" तिने विचारलं. बाई आणि मिलिंद एकदमच म्हणाले, "शेजारच्याच्या वहीत बघतो तो." पाचवीला पर्स मांडीवरून खाली गेली होती, आणि मोबाइल मागायचं कुणाला सुचलं नाही.

दिवेलागणीला सातवी संपली. बाईंनी शेवटचा शेरा लिहिला, सही केली. मिलिंद उठून चपला शोधू लागला.

"आज सगळं नाही झालं," बाई पेनाचं टोपण लावत म्हणाल्या. "आठवी राहिली. पुढच्या रविवारी करू."

कार्ड माझ्यासमोरच पडलं होतं. शर्यती सातच होत्या.

मिलिंदने एका पायात चप्पल घातली, दुसरी हातात तशीच. "हो ना ताई," तो म्हणाला. "आठवी राहिलीच."

करुणाने आधी कार्डाकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. ती आत गेली, चटणीचा रिकामा डबा घासून ओट्यावर पालथा घातला आणि बाहेर येऊन म्हणाली, "डबा राहू दे इथेच. रविवारी नेईन."