बाबांच्या हातची माशी

देवमनने माशी फक्त उसवून बघायची ठरवली होती, एवढंच. (खरी माशी नव्हे हो. गळावर कोंबड्याचं पीस आणि रेशीम गुंडाळून माशांना फसवायला केलेली.) त्याचे बाबा परतवाड्यापुढच्या जंगलात विश्रामगृहाचे चौकीदार. गळ टाकायला येणाऱ्या साहेबांचं बघून बघून ते अशा माश्या बांधायला शिकले, आणि पुढे साहेबच त्यांच्याकडून बांधून नेऊ लागले. बाबा गेले तेव्हा घरात एकच माशी उरली, त्यांच्या फोटोच्या चौकटीला टोचलेली.

अमरावतीला रिटायर होऊन घरी बसल्यापासून देवमनला बाबांची फार आठवण यायची. दोरा दातात धरून पीस फिरवणारे ते हात डोळ्यांपुढून जात नसत. ती कला एकदा तरी आपल्या बोटांत उतरावी, असं त्याला मनापासून वाटे. बाबांनी वेढे कसे घेतले ते बघायचं आणि तसेच परत घालायचे, त्यात काय मोठं? (मिक्सरही त्याने याच हिशोबाने उघडला होता.)

शेवटचा वेढा सुटला, आणि घामाघूम नवऱ्याची दया येऊन कौशल्याने पंखा लावला. पिसं कुठल्या कुठे गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांचा स्मृतिदिन, थोरली बहीण बेबीताई येणार. देवमन शेजारच्या नत्थुजींच्या कोंबड्यामागे धावला, गुडघा फोडून घेतला आणि शेपटीचं एक पीस मिळवलं. रेशीम बायकोच्या साडीच्या गोंड्यातून काढलं. तयार झालं ते झाडूत अडकलेल्या गुंत्यासारखं दिसत होतं. ताईला खरं काय ते सांगून टाका, असं कौशल्या म्हणाली. सांगतो म्हणाला.

बेबीताईने फोटोपुढे मेणबत्ती लावली, चौकटीला टोचलेली माशी पहिल्यांदाच काढून तळहातावर घेतली आणि निरखून बघितली. तिचे डोळे भरून आले.

"देवमन, हे बाबाची अखेरची असन रे. हात किती कापत असतीन त्याहिचे. डोळ्याले तर दिसतच नसन. आपल्याले काहून समजलं नाही?"

देवमनने सांगायला तोंड उघडलं आणि त्याला हुंदकाच फुटला. खराखुरा, बाबांसाठीचा. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली तसा तो आणखीच रडला. कौशल्या तोंडाला पदर लावून आत पळाली. (तीही रडतेय, असंच ताईला वाटलं.)

ताईने माशी पुन्हा चौकटीला टोचली, डोळे पुसले.

"राहू दे इथंच. पण तू हात लावू नोको बरं याले. तुया हातानं बिघडन."