जावईबापूंचे वायरिंग

आमच्या स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड गेल्या आठवड्यात जळून खाक झाला. मात्र घरातल्या सर्वांनी एकमताने ठरवल्यामुळे तो जळालेला नाही. भिंतीवरचा काळा डाग ही जुनी ओल आहे, असे पाहुण्यांना सांगण्यात येते.

कारण वायरिंग ताईच्या नवऱ्याने, म्हणजे जावईबापूंनी, हौसेने आणि फुकट केले आहे.

"वीज यायला एक वायर, जायला एक. ही हिरवी तिसरी काय फिरायला जाते?" असे म्हणून त्यांनी अर्थिंगची वायर कापली. बाबा हसले. जावयाच्या विनोदाला हसणे आमच्याकडे सक्तीचे आहे.

दुसऱ्याच दिवसापासून फ्रीज चावू लागला.

"वायरमनला बोलावू या?" मी विचारले.

"आणि ताईला काय तोंड दाखवू?" आई कडाडली. "तिच्या संसाराचा प्रश्न आहे. मला काय, नुसत्या मुंग्या येतात."

तातडीने उपाययोजना झाली: फ्रीज उघडताना रबरी चप्पल घालावी, ओल्या हातांनी दूध काढू नये, आणि पाहुण्यांना थंड पाणी विचारू नये.

मग फ्यूज वारंवार उडू लागला. जावईबापूंनी त्यात बोटभर जाड तांब्याची तार ठोकली. "आता उडून दाखव म्हणावं!"

फ्यूज उडाला नाही. त्याच्याऐवजी बोर्ड पेटला. म्हणजे, वर सांगितल्याप्रमाणे, पेटला नाही. आई फोनवर ताईला म्हणाली, "सगळं छान आहे गं. उजेड तर असा पडला, की शेजारीसुद्धा बघायला आले."

परिणामी काल ताईचा फोन आला. "आई, हे इतके खूश झालेत! रविवारी येतायत, तुझ्या बाथरूममध्ये गीझर बसवायला."

आईने फोन ठेवला आणि बाथरूमच्या दाराकडे पाहिले. "मला थंड पाणीच बरं वाटतं रे. पण एवढ्या प्रेमाने बसवणार म्हटल्यावर ते घरात असेपर्यंत एकदा तरी अंघोळ करून यायला हवं. वाईट दिसतं."

"एकदाच कर," बाबांनी धीर दिला. "दुसऱ्यांदा करावी लागणार नाही."

वाचकांपैकी कोणी हसत असल्यास त्यांनी आपल्या घरचे वायरिंग कोणी केले आणि ते करणाऱ्याला तोंडावर कोण बोलणार, हे आधी पाहावे. मग खुशाल हसावे.

सबब, वीजपुरवठा कार्यालयास नम्र विनंती: जावयांना नको म्हणणे या कुटुंबास शक्य नाही. तरी रविवारी आईच्या अंघोळीपुरते विजेने नाते ओळखून वागावे, असे लेखी आदेश विजेस देण्यात यावेत.