दोन्ही कान दिसले पाहिजेत

निरीक्षण मनोऱ्याच्या कठड्यावर कॅमेरा टेकवून फोटोवाले समोरच्या धुक्यात डोळे फाडून बघत होते. पस्तीस वर्षं त्यांनी स्टुडिओत फक्त पासपोर्टचे फोटो काढले होते आणि निघताना व्याह्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. "अस्वल पांढऱ्या पडद्यापुढे बसेल का हो?" फोटोवाल्यांनी तडक दुकानाच्या काचेतली मधली जागा अस्वलाच्या फोटोसाठी रिकामी केली. आता हात हलवत परतणं म्हणजे नाक कापून घेणं.

शेजारी बायको उभी होती. रोज सकाळी नऊपर्यंत तिचं मौन असे. लग्नापासून एक दिवस चुकला नव्हता. "वर आवाज नको," असं वनरक्षकाने जिन्याखाली बसताना बजावलं, तेव्हा फोटोवाले ऐटीत म्हणाले होते, "आमच्या घरच्यांची काळजीच नको!"

आणि दिसलं! झुडपांआड, काळंभोर, मान ताठ.

"बघितलंस? बसलंय कसं!" ते कुजबुजले. खटाखट फोटो निघू लागले. "किती शहाणं गं! जरा म्हणून हलत नाही. नाहीतर आपली गिऱ्हाइकं!"

बायकोने बाही ओढली.

"कॅमेरा हलतोय."

तिने पुन्हा ओढली, मागे बोट दाखवलं.

"थांब, कान दिसू देत. दोन्ही कान दिसल्याशिवाय मी फोटो पास करत नाही."

तिने पाठीत धपका घातला.

"अगं, जे काय असेल ते नऊला सांग!"

तिने कपाळाला हात लावला, पर्समधून मोबाइल काढला आणि कठड्याच्या कोपऱ्यात जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. हिला माझे फोटो काढायला हीच वेळ सापडली, असं मनात म्हणत ते चरफडले.

धुकं विरलं तसा वनरक्षक वर आला. "काय काका, मिळालं का काही?"

"एकशे चाळीस फोटो! ते बघा, अजून बसलंय."

वनरक्षकाने तिकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "काका, तो जळका खुंट आहे. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तिथेच बसलाय."

फोटोवाले मटकन बाकावर बसले. काचेतली ती रिकामी जागा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात नऊ वाजले.

"दोन पिल्लंही होती," बायको हळूच म्हणाली. "तुम्ही मागे वळाल तर शपथ!"

तिने मोबाइल पुढे धरला. फोटोत एका बाजूला कॅमेऱ्याला चिकटलेले फोटोवाले. आणि त्यांच्या पाठीमागे, मनोऱ्याजवळच्या वारुळापाशी, दोन पायांवर उभी राहून थेट बघणारी अस्वलाची मादी. पिल्लं पायाशी.

फोटोवाल्यांनी चष्मा पुसला. गिऱ्हाइकाचा फोटो तपासावा तसा तो तपासला. "मान सरळ... प्रकाश चेहऱ्यावर..." ते बायकोकडे वळले. "अगं, पस्तीस वर्षांत मलाही असा साधला नाही!"

काचेतली मधली जागा भरली. व्याही पाहायला आले. "वा! पण काढला कोणी? तुम्ही तर फोटोतच आहात."

"आमच्या घरच्यांनी!" फोटोवाल्यांची छाती दोन इंच फुगली. "अस्वलाच्या मादीचे कान बघा, दोन्ही! आजच्या आज पासपोर्ट मिळेल तिला."

"आणि तुम्हाला?"

"छे! माझा एकच कान आलाय."