भात येईपर्यंत

"डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी आणि मांडीवर रुमाल. एवढं लक्षात ठेवलं की झालं," वेणीमाधवपंत आरशासमोर पगडी नीट करत म्हणाले.

"आणि दोन्ही हात असे गुंतल्यावर आपोष्णीचं पाणी कुठल्या हातानं घ्यायचं?" गोदावरीकाकूंनी विचारलं.

पंतांनी पगडी पुन्हा एकदा नीट केली. ते गिरणीच्या कचेरीत कारकून होते. नोकरीला पंचवीस वर्षं भरली म्हणून गिरणीचे मॅनेजर टर्नबुलसाहेब त्यांना आज जेवायला घालणार होते, तेही कुठं, तर स्टेशन रस्त्यावर नव्यानंच निघालेल्या 'कफे द पारी'मध्ये! पाँडेचरीहून आलेला अंतुआन नावाचा आचारी तिथं फ्रेंच पद्धतीचं जेवण करी, आणि सोलापुरात त्याचं अन्न पोटात गेलेली माणसं फार थोडी होती.

"साहेबानं माझ्यासाठी नवी भांडी आणवलीत. मांस नाही, अंडं नाही, सगळा भाजीपाला," पंत म्हणाले. "आल्यावर स्नान करीन, जानवं बदलीन. मग तर झालं?"

"सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही तुमच्या. निदान दशमी तरी खाऊन जा."

"छे! साहेबानं मानानं बोलावलं आणि मी पोट भरून गेलो तर त्याला काय वाटेल? आज पानावरचं सगळं संपवायचं. साहेब खूश झाला पाहिजे."

साहेब खूश व्हायला हवा होता त्याला कारण होतं. गावात झालेल्या सत्याग्रहाच्या धामधुमीपासून साहेबानं गिरणीच्या चाळीच्या मैदानावर चार माणसांनी जमायलाही बंदी केली होती. त्यामुळं चैत्रातलं कीर्तन बंद पडलं होतं. पंतांना दोन वेळचं जेवण नसतं मिळालं तरी चाललं असतं, पण कीर्तनावाचून त्यांचा जीव कासावीस होई. यंदा वेळापूरचे सिद्धनाथबुवा यायला राजी होते. अडलं होतं ते फक्त साहेबाच्या होकारापाशी.

पंत टांग्याकडे निघाले तर वाटेत कामगारांचा मुकादम बाळासो जॉबर आणि चाळीतली म्हातारी बजाबाई उभी.

"पंत, साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसनार न्हवं? मग इचारा की तेवढं कीर्तनाचं," बाळासो म्हणाला.

"आदी खाऊन घ्या पोटभर," बजाबाई म्हणाली. "खानाऱ्या मान्सावर घालनाऱ्याचा लोब असतोय. ताट निसतं चिवडाल न् साहेबाचं टकुरं फिरंल. मग बसा टाळ कुटत घरात!"

पंतांनी मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेतलं आणि टांग्यात बसले.

*

टर्नबुलसाहेब भला माणूस होता. तो मराठी शिकला तो मागखात्यात, विणकरांच्या तोंडून. त्यामुळं तो विलायती सूट घालून अस्सल चाळीतलं बोले.

"या की पंत! बसा, बसा. लई झाक दिसताय आज."

शेजारी मडमबाई बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नसे, म्हणून त्या नुसत्या हसल्या. पंत खुर्चीच्या कडेला टेकले. समोर पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर काटे, सुऱ्या आणि चमचे एखाद्या शस्त्रागारासारखे मांडलेले. पान कुठंच नव्हतं.

पांढरे हातमोजे घातलेला वाढपी आला आणि प्रत्येकापुढं बशीत बटाट्याचं पातळ, दुधाळ कढण ठेवून गेला. वास असा सुटला की पंतांच्या पोटातला अग्नी उसळून उठला. पण नुसत्या कढणाला हात कसा लावायचा? अजून मीठ वाढलेलं नाही, लिंबू नाही, भाजी नाही. भात, वरण आणि तूप पडून पान पुरं झाल्याशिवाय आणि यजमानानं 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, हे पंतांना मुंजीच्या आधीपासून ठाऊक होतं. ते हात मांडीवर ठेवून बसले.

साहेब मात्र चमच्यानं कढण पिऊ लागला. पंतांनी मनाशी उलगडा केला : ही यांची आपोष्णी असावी. पळीनं घेतात एवढंच.

थोड्या वेळानं वाढप्यानं सगळ्यांच्या बश्या उचलल्या, पंतांचीही. भरलेली! पंतांनी दारापर्यंत तिचा नजरेनं पाठलाग केला. मग वरून खरपूस भाजलेला फुलकोबी आला. त्याच्यावर लोणी अजून चुरचुरत होतं.

"घ्या की, पंत," साहेब म्हणाला.

"घाई नाही, साहेब. मी थांबतो."

साहेबानं मडमबाईंकडं पाहिलं. मडमबाईंनी भुवया उचलल्या. फुलकोबी आला तसा गेला. त्याच्यामागून मटार आले, लोण्यात परतलेल्या हिरव्या कोवळ्या काड्या आल्या, आणि सगळं पंतांच्या नाकाखालून परत मुदपाकखान्यात गेलं. आता पंतांना त्यातली संगती लागली. देवाला आधी नैवेद्य दाखवून ताट आत नेतात, तसंच हे. पाहुण्याला एकेक पदार्थ दाखवायचा, यजमानानं चव पाहून खात्री करून घ्यायची, आणि शेवटी सगळं एकदम पानावर वाढायचं. केवढी ही रीत! फ्रेंच लोकही धर्माला धरून असतील अशी त्यांची कल्पना नव्हती. आता भात आला की झालं.

पण भात काही येईना.

मुदपाकखान्याचं दार धाडकन उघडलं. उंच पांढरी टोपी घातलेला अंतुआन पंतांच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. परत आलेली एक भरली बशी त्याच्या हातात होती.

"साब, पसंद नहीं?"

"अहो, छान आहे!" पंत हात जोडून म्हणाले. "सगळं फार छान आहे."

अंतुआननं पंतांकडं पाहिलं, हातातल्या बशीकडं पाहिलं, आणि तो आत गेला. लगेच आतून काहीतरी जड वस्तू फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

साहेबाच्या कपाळावर घाम दिसू लागला. तो मडमबाईंशी इंग्रजीत पुटपुटत होता. पंतांना त्यातले 'न्यूजपेपर' आणि 'जेल' एवढे दोनच शब्द कळले. आपलं काय चुकलं? रुमाल मांडीवर आहे. पगडी डोक्यावर आहे. तेवढ्यात त्यांच्या पोटातून असा काही आवाज निघाला की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं वळून पाहिलं.

"पंत," साहेब हलक्या आवाजात म्हणाला, "सकाळधरनं काय खाल्लंय का तुमी?"

"नाही, साहेब. मुद्दामच नाही खाल्लं."

"मुद्दाम?" साहेबानं काटा खाली ठेवला. "कुनासाटी?"

"तुमच्यासाठीच, साहेब."

साहेबाचा चेहरा फुलकोबीसारखा पांढरा पडला. मडमबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला. साहेब खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "आडपडदा नगं. तुमाला काय पायजे ते बोला."

हाच तो क्षण, असं पंतांना वाटलं. अजून जेवण व्हायचं होतं, साहेब अजून खूश व्हायचा होता, पण देवानंच वाट मोकळी केली तर मागं का सरायचं? त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, चैत्रात आमचं कीर्तन असतं. चाळीच्या मैदानावर. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत. ते होऊ द्यावं, एवढंच मागणं आहे. भाषण नाही, गडबड नाही, फक्त देवाचं नाव."

"आन् न्हाय म्हनलं तर?"

"तर काय, साहेब?" पंत नम्रपणे हसले. "मी तुमच्यावर रागावणार नाही. आहे तसा बसून राहीन."

साहेबानं रुमालानं कपाळ टिपलं. मडमबाई इंग्रजीत जे बोलल्या त्याचा रोख एवढाच होता की, जॉर्ज, तुझा हा माणूस माझ्यासमोर मूर्च्छा येऊन पडायच्या आत त्याला हो म्हण. वाढपी भिंतीला चिकटून उभा होता. साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "दिलं! करा कीर्तन! मृदंग वाजवा, टाळ वाजवा, काय पायजे ते वाजवा. पन आता खावा की, द्येवासाटी!"

पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमक्या त्याच वेळी दार उघडलं, आणि वाढप्यानं त्यांच्यापुढं एक बशी आणून ठेवली. बशीत दुधात शिजवलेला, साखर घातलेला, देवळाच्या शिखरासारखा थापलेला, वाफाळता, पांढराशुभ्र...

भात!

शिवाय साहेब 'खावा' म्हणाला होता. यजमानाची आज्ञाही झाली होती. पंतांनी पेल्यातलं पाणी तळहातावर घेऊन बशीभोवती फिरवलं, चादरीवर शितांच्या चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली, आणि कीर्तनाच्या मंडपात घुमावा अशा आवाजात "पार्वतीपते हर हर महादेव!" अशी गर्जना केली. मडमबाईंच्या हातातला पेला हिंदकळला. पंतांनी पाचही बोटांनी पहिला घास घेतला.

साहेबानं सुटकेचा श्वास टाकला आणि टाळ्या वाजवल्या. मडमबाईंनी वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्यांनी, काही न समजता, वाजवल्या. मुदपाकखान्याच्या दारात अंतुआन टोपी छातीशी धरून डोळे पुसत होता.

शिखर भुईसपाट झालं. पंत वरणाची वाट पाहू लागले. वाढप्यानं काळी कॉफी आणली, आणि साहेब उठून उभा राहिला.

*

"काय काय होतं हो?" घरी गोदावरीकाकूंनी विचारलं.

"भात."

"आणि?"

"भातच. तोही गोड. ती दशमी उरलीय का?"

दुसऱ्या दिवशी पंत कचेरीत पोचले तर बाळासोनं सगळ्यांदेखत त्यांचे पायच धरले.

"आमाला कुटं बोलला न्हाईसा, पंत! भरल्या ताटावर उपास धरून बसला म्हनं! साहेब सोता सांगत हुता खात्यात. हट्टाचा मानूस हाय म्हनला. मागनं मान्य झालं तवा कुटं गोडावर उपास सोडला!"

पंतांनी घाईनं पाय सोडवून घेतले. उपास? कोणी धरला? ते तोंड उघडणार तोच त्यांच्या लक्षात आलं, की हा उपास नव्हता असं म्हटलं तर साहेबाची फजिती होते, आणि फजीत झालेला साहेब दिलेली परवानगी परत घेतो. त्यांनी तोंड मिटलं. खोटं बोलायचं नाही म्हणून ते गप्प बसले, आणि गप्प बसण्याला लोक विनय म्हणू लागले.

कीर्तन सुरू झालं आणि पंतांचे हाल वाढले. सिद्धनाथबुवांनी उत्तररंगात भक्ताच्या निग्रहाचं आख्यान लावलं आणि मध्येच झांजा थांबवून म्हणाले, "पुराणातला भक्त कशाला शोधता? तो पाहा, खांबाला टेकून बसलाय!" सगळा मंडप वळून बघू लागला. पंतांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की कीर्तन लवकर संपलं तर बरं.

रामनवमीला दुपारी महाप्रसादाची पंगत बसली, आणि बुवांच्या आग्रहावरून टर्नबुलसाहेबही आला. पाटावर त्याला मांडी घालता येईना, म्हणून पाय एका बाजूला दुमडून तो पंतांच्या शेजारी बसला. बुवांचं उत्सवसांगतेचं कीर्तन संध्याकाळी व्हायचं होतं.

वाढपी पहिल्यांदा मीठ वाढून गेला. साहेबानं मिठाकडं पाहिलं, चिमटीत उचललं आणि तोंडात टाकलं. मग लिंबाची फोड आली. साहेबानं ती चोखली. त्याचा एक डोळा मिटला, पण पाहुण्याचा धर्म त्यानं सोडला नाही. चटणी आली, तीही त्यानं बोटानं साफ केली आणि तो लाल होऊन गेला. पान रिकामं दिसलं म्हणून बजाबाई लगबगीनं आली आणि दुप्पट चटणी वाढून गेली.

"साहेबाला आवाडली की!" ती कौतुकानं म्हणाली.

पंत हे बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोर ते बटाट्याचं कढण आलं, तो फुलकोबी आला, त्या हिरव्या काड्या आल्या. नैवेद्य नव्हता तो. ते जेवण होतं!  साहेबाला आता 'थांबा' म्हणावं तर त्याला सगळं उमगणार. आणि न म्हणावं तर बिचारा चटणीनं जाणार.

साहेबाचा हात पुन्हा चटणीकडं निघाला. पंतांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि त्याचं मनगट धरलं.

"थांबा, साहेब. भात आल्याशिवाय जेवायचं नसतं."

साहेबानं मान वर केली. दूरपर्यंत पसरलेल्या पंगतीत एकाही माणसाचा हात पानावर नव्हता. सगळे मांडीवर हात ठेवून, पानाकडं बघत, शांत बसले होते. अगदी त्या रात्रीच्या पंतांसारखे. साहेबानं ती पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि मग सावकाश वळून पंतांकडं पाहिलं. पंतांची नजर पानावरून हलेना. संध्याकाळच्या कीर्तनाचे टाळ त्यांना कानात ऐकू येत होते, आणि ते लांब लांब जात होते.

भात आला. वरण आलं. तूप पडलं. गजर झाला आणि सगळ्यांचे हात एकदम पानावर गेले. फक्त दोघांचे तेवढे गेले नाहीत.

"पंत," साहेब कुजबुजला, "त्या राती तुमी उपास न्हवता धरला."

"नाही, साहेब."

"भुकेजलेला हुता?"

"फार."

साहेबाच्या मिशा हलू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते चटणीचं होतं की हसण्याचं हे कुणाला सांगता आलं नसतं. त्यानं हात उंच करून बजाबाईला हाक मारली.

"बाई, हिकडं या. ह्यास्नी भात वाडा. लई वाडा. ह्यांची एक पंगत बाकी हाय."

मग खालच्या आवाजात पंतांना म्हणाला, "सांच्याला कीर्तनाला मी पुडं बसनार. पन बुवाला काय सांगू नगा. त्यो तुमचा उपास लई ग्वाड सांगतोय."