दुनिया संपल्यावरचे बोंडेकाका

आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा कॉलनीतले बरेच जण बघून गेले. कोणी रंगाचं कौतुक केलं, कोणी बर्फाचा कप्पा उघडून पाहिला. शेजारचे बोंडेकाका मात्र फ्रिजच्या मागं गेले, पत्र्यावर बोटानं टकटक केलं, दाराचं रबर ओढून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "चांगला घेतला. दुनिया संपल्यावर यात गहू राहतील. उंदीर नाही लागणार."

काका हे गमतीनं म्हणत नव्हते. नोकरीभर ते संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. इथं आमच्या कॉलनीत, महाराजपूरला, घर बांधून रिटायर झाले तरी तपासणी काही सुटली नाही, फक्त कसोटी बदलली. वस्तू आज चालते की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सगळं संपल्यावर ती कशाच्या कामी येईल, ते महत्त्वाचं. माझ्या स्कूटरमध्ये त्यांना फक्त आरसे कामाचे वाटले. पलीकडच्या तिवारीजींनी मुलानं पाठवलेलं, पावलं मोजणारं घड्याळ हौसेनं दाखवलं, तर म्हणाले, पट्टा मजबूत आहे.

हे वेड लागलं एका दिवाळीत. त्यांची मुलगी अमृता पुण्याहून मैत्रिणींना घेऊन आली होती. त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडला. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. गोष्ट अशी, की जग बेचिराख झालंय आणि मोजकी माणसं उरली आहेत. पोरी दुपारभर राक्षस मारत होत्या. काका खुर्ची ओढून बघत बसले होते. शेवटी त्यांनी एकच शंका काढली.

"सगळं बरोबर आहे. पण हे लोक जेवतात कधी?"

पोरी हसल्या. काका मात्र विचारात पडले ते पडलेच. अमृता परत गेल्यावर त्यांनी स्वतःचा खेळ तयार केला आणि आम्हाला रविवारी दुपारी बोलावलं. आम्ही म्हणजे मी, शाळेत गणित शिकवणारी, आणि बँकेतून रिटायर झालेले तिवारीजी. नकार द्यायची सोय नव्हती, कारण काकांनी आमच्या वाटची पोहे-चिवड्याची बशीसुद्धा भरून ठेवली होती.

असा खेळ चांगला कशानं होतो, याबद्दल काकांची मतं पक्की होती. दुनिया कशी संपली हे सांगत बसणारा खेळ त्यांच्या मते फालतू. तिवारीजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, बॉम्ब पडला की रोग आला? काका म्हणाले, "खतम हो गई ना? चलो, अब सुबह की बात करो." मग आम्ही सकाळचं बोललो. पाणी कोण आणणार. चूल कशावर पेटणार. मीठ कुठून येणार. मी मोठ्या हुशारीनं शहरातल्या मदनमहालच्या टेकडीवर वस्ती करू म्हटलं, वरून शत्रू दिसेल. तर काकांनी मला गोष्टीत दिवसभर टेकडीवर पाणी वाहायला लावलं. पुढच्या रविवारी आमची वस्ती मुकाट्यानं नर्मदेजवळ उतरली.

फासे त्यांना मंजूर नव्हते. संपलेल्या दुनियेत ते कोण बनवून राहिलंय, हा सवाल. म्हणून फोडलेले चिंचोके. पांढरी बाजू जास्त पडली तर काम जमलं. तिवारीजींना एक बंदूक हवी होती. काकांनी ती लगेच दिली, गोळ्या दिल्या नाहीत. गोळ्या बनवणारे आम्ही सगळे रिटायर झालो, म्हणाले. तिवारीजी तरीही बंदूक खांद्यावरून उतरवत नसत.

"मास्तरीणबाई," काका मला सांगत, "राक्षस कोणीही मारते. दारात अनोळखी माणूस आला, त्याला घरात घ्यायचं की नाही, हे ज्या खेळात ठरवावं लागते ना, तो खेळ खरा."

हे ते काहून म्हणत, ते मला कळायला वेळ लागला.

काकांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, त्या सुमारास विसर पडायला लागला होता. आधी वस्तूंची नावं जात, मग चेहरे जायला लागले. बैठकीत बसलेल्या पाहुण्याला त्या मधेच विचारत, तुम्ही कोण? पाहुणा दुखावला जाई, किंवा मोठ्या आवाजात आठवण करून देऊ लागे, मला ओळखलं नाही, अहो मी अमका. काकू अपराध्यासारख्या पदराशी चाळा करत बसत. हळूहळू लोक यायचे थांबले. बेल वाजली की काकू आतल्या खोलीत जायला लागल्या.

एका रविवारी काकांनी नवा नियम काढला. वस्तीला आता दरवाजा आहे. नाव, गाव आणि अंगातलं काम सांगितल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नाही, जुन्या माणसांनाही नाही. आणि दरवाजावर कुसुमकाकू. त्यांची वेताची खुर्ची काकांनी बैठकीच्या दाराशी आणून ठेवली होती.

तिवारीजींनी हरकत घेतली. इतके महिने इथंच राहतोय, दर वेळी काय विचारायचं? काकांनी शांतपणे समजावलं, दुनिया संपली आहे, चेहऱ्याचा काय भरवसा.

काकूंनी खुर्चीत जरा सावरून बसून विचारलं, कोण तुम्ही? तिवारीजींनी नाव सांगितलं आणि ऐटीत, बंदूक चालवतो म्हणाले.

"बंदूक नको," काकू म्हणाल्या. "मेथी निवडता येते का?"

तिवारीजी मेथी निवडत बसले. खरीखुरी मेथी. मला काकूंनी पाढे म्हणायला लावले आणि मी एकोणीसच्या पाढ्यात अडखळले तेव्हा आत घ्यायचं की नाही यावर गंभीर विचार केला. त्या घरात काकूंनी विचारलेल्या प्रश्नाला कोणी तोंड वाकडं न करता उत्तर देतंय, असं खूप दिवसांनी घडत होतं. हे कॉलनीत पसरलं. खेळाशी काही संबंध नसलेल्या बायकाही रविवारी दारात उभ्या राहून, मी अमकी, लोणचं चांगलं घालते, असं सांगून आत यायला लागल्या. काकू कोणाला ताटकळत ठेवत, कोणाला लगेच घेत. आतल्या खोलीत जाणं त्यांनी सोडून दिलं.

असेच एका रविवारी आम्ही जमलो होतो. अमृताला नोकरीत बढती मिळाली म्हणून काका सदर बाजारात खव्याची जिलेबी आणायला गेले होते. आम्ही त्यांच्यासाठी थांबलो होतो. काका आले, चपला काढल्या, पुडा सांभाळत आत पाऊल टाकलं. काकूंनी हात आडवा केला.

"थांबा. कोण तुम्ही?"

आम्ही हसलो. मग काकूंचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. आम्हाला विचारताना असायचा तसाच तो चेहरा होता, नम्र आणि परका. तोवर त्या सगळ्यांना विसरल्या होत्या, पण काकांना नाही. तिवारीजी खाली बघायला लागले. मी "काकू, अहो" म्हणत उठले, तर काकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

ते उंबऱ्याबाहेर गेले आणि पुडा हातात धरून नीट उभे राहिले.

"मी वसंत बोंडे. अमरावतीकडचा."

"काय येतं तुम्हाला?"

सगळ्या दुनियेची पुढची सोय लावून ठेवणाऱ्या माणसानं हातातल्या पुड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "फार काही नाही. चहा बरा करतो."

काकू माझ्याकडे वळल्या. "आपल्याकडे चहा करणारं आहे का कोणी?"

मी म्हटलं, नाही, कोणीच नाही.

"मग या," काकू म्हणाल्या आणि हात बाजूला घेतला.

काका स्वयंपाकघरात गेले. चहाला लागतो त्याहून बराच वेळ ते आत होते. नळ सुरू झाला, बंद झाला, परत सुरू झाला. तिवारीजी आत जायला उठले आणि पुन्हा खाली बसले. मग त्यांनी काकूंना आपल्या गावच्या एका म्हशीची लांबलचक गोष्ट सांगायला घेतली. काकू मन लावून ऐकत होत्या.

काका ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसही विंचरलेले. त्यांनी आम्हाला कप दिले. त्या दिवशी साखर वाटीत वेगळी आणली होती. सगळ्यात शेवटी ते काकूंच्या खुर्चीसमोर गेले आणि नवीन माणसानं उभं राहावं तसे थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

"साखर किती घेता?" त्यांनी विचारलं.

"दीड चमचा," काकू म्हणाल्या. "लोक उगाच जास्त घालतात."

"लक्षात ठेवतो," काका म्हणाले, आणि दीड चमचा साखर घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत हलवत राहिले.